मदत हवी आहे: हाताशी एकच नर आहे, कापू की ठेवू?

नमस्कार मंडळी,

वाशीला राहते, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. दिवाळे कोळीवाड्यात माझ्या मामांची होडी असते. गेल्या हिवाळ्यात तिच्या नांगराच्या दोरावरची कालवं आणि शेवाळ खरवडताना रिकाम्या शिंपल्यांतून बारके आयसोपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले चपटे, बहुपायी जीव) निघाले. सगळ्यात मोठा जेमतेम ५ मिमी. बोट लावलं की गोळी होते. मामा म्हणाले, "किडे आहेत, टाकून दे." मी डबीत भरले.

एकूण ३१ आहेत. त्यांतल्या ९ माद्यांच्या पोटाखालच्या पिशवीत अंडी किंवा पिल्लं आहेत. काही पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या आहेत, म्हणजे मँका अवस्था. सातवी जोडी नंतर येते. कुळ स्फेरोमॅटिडी, एवढं नक्की. आधी वाटलं त्यातला स्फेरोमा हा गट असेल, कारण खारफुटीची मुळं पोखरणारा स्फेरोमा टेरेब्रान्स ओळखीचा आहे. पण स्फेरोमाच्या युरोपॉडच्या, म्हणजे शेपटीच्या बाजूच्या उपांगांच्या, बाहेरच्या कडेला करवतीसारखे दात असतात, इथे कड गुळगुळीत आहे. शिवाय शेवटच्या ढालीला, म्हणजे प्लिओटेल्सनला, टोकाशी खाच आहे.

घोडं अडलंय ते पुढे. नर म्हणावा असा एकच आहे. त्याची खाच खोल, युरोपॉड लांबलचक. प्रजाती ठरवायची तर दुसऱ्या प्लिओपॉडवरचा (पोटाखालच्या पायावरचा) अपेंडिक्स मॅस्क्युलिना, म्हणजे फक्त नराला असणारा दांडीसारखा अवयव, आणि तोंडाचे भाग बघावे लागणार, म्हणजे कापाकापी आली. हाच होलोटाइप, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्यावर ठरतं तो मूळ नमुना, ठरला तर तो मीच मोडून ठेवला असं व्हायचं. त्यात भर म्हणजे पहिली खेप आमच्या प्रयोगशाळेत सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकली गेली (मी रजेवर होते, कोणाला बोलणार!). हा नर त्याच खेपेतला, त्यामुळे त्याच्या डीएनएची आशा सोडली आहे.

कापू का? आणि ही खरंच नवी प्रजाती आहे, हे कोणत्या टप्प्यावर म्हणायचं?

खाडीकाठचा:
ताई, कापा, पण एकाच बाजूचे अवयव काढा. डावीकडचे काढले तर उजवीकडचे जागच्या जागी राहू द्या. प्रत्येक अवयवाची वेगळी स्लाइड करा आणि सगळ्यांवर मूळ नमुन्याचाच नोंदणी क्रमांक घाला. होलोटाइपचे असे सुटे केलेले भाग होलोटाइपचाच भाग धरतात, त्यामुळे काही मोडत नाही. मात्र सुई लावण्याआधी अख्ख्या प्राण्याची वरून, खालून आणि बाजूने चित्रं पूर्ण करा. फोटोवर विसंबू नका, कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकात दिसतं ते कागदावर गिरवायचं साधन) मिळत असेल तर मिळवा.

तिवरवाला:
मी जरा उलटं बोलतो. नर एकच, हे कशावरून? पॅरासेर्सिस स्कल्प्टा नावाच्या प्रजातीत नर तीन तऱ्हेचे असतात. मोठा आल्फा स्पंजाच्या पोकळीत माद्यांचा गोतावळा राखतो, बीटा हुबेहूब मादीसारखा दिसतो आणि गॅमा पिल्लाएवढाच राहून आत घुसतो. तुमच्या "माद्यां"तही नर लपलेले असू शकतात. अंडी नसलेल्या प्रत्येकीचा दुसरा प्लिओपॉड तपासा.

आणि मुळात तुमचा प्राणी तोच तर नाही ना? खोल खाच आणि लांब युरोपॉड हे त्याच्या आल्फाचंच वर्णन झालं. मूळ कॅलिफोर्नियाकडचा, १९०४ मध्ये वर्णन झालेला, जहाजांबरोबर जगभर पसरलेला. आपल्या दाराशी न्हावा-शेवा आहे. आधी परदेशी पाहुणे वगळा, मग नव्याचं नाव काढा.

खाडीकाठचा:
तिवरवाला यांना दुजोरा. आणखी एक, आयसोपॉड कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, मग पुढचा. एखाद्या नमुन्याची मागची बाजू फिकी किंवा रुंद दिसली तर त्यावरून मापं काढू नका.

नवी खेप थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा तुकडा मिळण्याची शक्यता राहील. आणि नवीच निघाली तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नमुने अधिकृत संग्रहात जमा करावे लागतात. आपल्याला जवळचं म्हणजे आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षण केंद्र. निबंध फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंद विसरू नका, नाहीतर नावच ग्राह्य धरत नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. काल रात्री अंडी नसलेल्या १२ "माद्या" उलट्या करून पाहिल्या. दोघींना अपेंडिक्स मॅस्क्युलिना आहे! म्हणजे नर तीन झाले आणि माझी नव्या प्रजातीची हौस निम्म्याने उतरली. आता पॅरासेर्सिसच्या मूळ वर्णनाशी एकेक केस ताडून बघते. मोठ्या नराला तोवर हात लावत नाही.

अमावास्येच्या उधाणाला सुकती चांगली लागेल, तेव्हा पुन्हा दिवाळ्याला जाणार आहे. मामांना बजावलंय, तोवर दोर घासायचा नाही. त्यांनी होडी शेजाऱ्याच्या दोराला बांधली आहे आणि सगळ्या कोळीवाड्याला सांगत सुटलेत की भाचीने किडे पाळलेत.