मदत हवी आहे: एकटेपणात विश्वास धरून ठेवायला तुम्हाला कशाचा आधार झाला?

जय ख्रिस्त. आई गेल्यापासून मी नाशिकमध्ये एकटीच राहते. सातपूरला सेकंड शिफ्ट करून रात्री खोलीचं कुलूप उघडते, तेव्हा आत दिवा लावायचासुद्धा धीर होत नाही. आईचं मराठी बायबल उशाशी असतं. स्तोत्र २७ च्या पानावर तिच्या बोटांचा तेलकट डाग आहे. तिथवर येते आणि पुढचं वाचवत नाही. प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत.

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला संदेष्टा एलिया मला फार जवळचा वाटतो. तो झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं. आणि ‘मी एकटाच उरलो’ म्हणणाऱ्या त्याला देवाने सांगितलं की विश्वास धरून राहिलेले अजून ७,००० जण आहेत. मला त्यातले दोन-चार भेटले तरी पुरे.

रविवारी शरणपूरला उपासनेला जाते, पण ती संपली की सगळे आपापल्या घरच्यांबरोबर निघतात. आठवड्यात सकाळच्या वेळी शरणपूर रोड, सातपूर किंवा नाशिक रोड भागात एखादी छोटी घरगुती प्रार्थनासभा भरते का? बायकांची असेल तर उत्तमच.

आणि ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा: शब्द सुचत नव्हते तेव्हा तुम्ही प्रार्थना कशी करत होता?