उत्तर स्पेन : आस्तूरियासच्या डोंगरांत आई-बाबांसह पाच दिवस, सल्ला हवा

पाऊलवाट :
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माद्रिदला कामासाठी जातेय. आई-बाबा सोबत आहेत. काम संपलं की पाच दिवस मोकळे. बार्सिलोना टाळून पिकोस दे एउरोपाचे डोंगर बघावेत असं मनात आहे. बाबा ६८ वर्षांचे, एके काळी सह्याद्रीत भरपूर भटकलेले. आईचे गुडघे दुखतात, ती शाकाहारी आहे, अंडं चालतं. कारेसची घळ चालायची मला फार इच्छा आहे. कुठे राहू? आईच्या जेवणाचं कसं?

घाटमाथा :
माद्रिदहून ओव्हिएदोला रेल्वेने जा. २०२३ मध्ये पाहारेसच्या डोंगराखालचा नवा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून प्रवास बराच कमी झालाय. तिथून पुढे मात्र गाडी भाड्याने घ्या, दऱ्याखोऱ्यांत बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवा.

रोज मुक्काम हलवू नका. दोन रात्री कांगास दे ओनीसला, दोन अरेनास दे काब्रालेसला. गावातलं 'कासा रुराल' बघा, म्हणजे राहायला दिलेलं खेड्यातलं घर. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर मिळतं, आईंची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

कारेसबद्दल थोडं सविस्तर लिहितो. पोन्सेबोस ते काईन एका बाजूने सुमारे १२ किमी, परतही त्याच वाटेने. वीजनिर्मितीच्या कालव्याची देखभाल करण्यासाठी कडा फोडून ही वाट काढली आहे. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला खोल दरी, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. सुरुवातीला दमवणारा चढ आहे, पुढे वाट बरीच सपाट. आईंना नेऊ नका. पण त्याच पोन्सेबोसहून बुल्नेस या खेड्याची फ्युनिक्युलर, म्हणजे तारदोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, सुटते. बुल्नेसला आजही गाडीरस्ता नाही. २००१ पर्यंत तिथे पायीच जावं लागे, आता डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून काही मिनिटांत वर पोचता. म्हणजे तुम्ही पहाटे कारेसला निघा, आई-बाबा आरामात बुल्नेसला जातील आणि दुपारी तुम्ही सगळे पोन्सेबोसला भेटाल. पूर्ण २४ किमीचा हट्ट धरू नका, अर्ध्यातून परतलात तरी घळ डोळे भरून बघून होते.

लिंबूपाणी :
कोवादोंगाची तळी, एनोल आणि एर्सिना, पहिल्याच दिवशी उरकायची असं ठरवू नका. आम्ही गेलो तेव्हा वर इतकं धुकं होतं की गायींच्या घंटा ऐकू येत होत्या, गायी दिसत नव्हत्या. दुसऱ्या सकाळी परत गेलो आणि ते हिरवं पठार बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या बारीक भुरभुर पावसाला 'ओर्बायू' म्हणतात. माळशेजला ओलं झालेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या वर सोडत नाहीत, कांगासहून बस असते. ८ सप्टेंबरला आस्तूरियासचा सण, तो दिवस टाळा.

जेवणाचं : फाबादा म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ. दिसते शाकाहारी, पण त्यात डुकराचं मांस आणि सॉसेज असतंच. सॅलडमध्येही न विचारता ट्यूना घालतात. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून' (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) हे तिन्ही म्हणा, नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. बटाट्याचं जाड आमलेट, म्हणजे तोर्तिया, सगळीकडे मिळतं. मक्याच्या पिठाचे तळलेले 'तोर्तोस' अंड्यासोबत मागवा. आणि आरोस कोन लेचे नक्की खा! आपली तांदळाची खीरच, फक्त दाट, वर साखर जाळून केलेला कुरकुरीत थर. माझ्या सासूबाईंनी तीन दिवस रोज खाल्ली.

घाटमाथा :
काब्रालेसचं निळं चीज डोंगरातल्या गुहांत मुरवतात, वास उग्र असतो. पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करण्यासाठी वासरा-करडांच्या पोटातून काढतात तो पदार्थ) वापरतात, आईंना चालत नसेल तर आधीच सांगा. बाबा घेत असतील तर सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू. बाटली डोक्यावर धरून कमरेजवळच्या ग्लासात बारीक धार सोडतात, फेस आहे तोवर ते दोन घोट संपवायचे.

पाऊलवाट :
दोघांचे मनापासून आभार. अरेनासच्या दोन रात्री आत्ताच राखल्या, स्वयंपाकघर आहे. तळ्यांसाठी दोन सकाळी मोकळ्या ठेवतेय. बाबा मात्र बुल्नेसला पायी चढणार म्हणताहेत. ती वाट कशी आहे?

घाटमाथा :
दगडी, चढाची, सव्वा-दीड तासाची. बाबांना चढू द्या, उतरताना फ्युनिक्युलर घ्या. पाऊस असेल तर दोन्ही वेळा फ्युनिक्युलरच, ओल्या दगडावरून पाय सटकतात.