टर्मक्समधला पायथन बॉट स्क्रीन बंद झाल्यावर मरतो (सिग्नल ९)

निफाडकर_कोड:
अँड्रॉइड १४, ४ जीबी रॅमचा जुना फोन, कायम चार्जरवर. टर्मक्समध्ये (फोनवर लिनक्सच्या कमांड चालवणारं अ‍ॅप) टेलिग्राम बॉट चालवतोय: दर ३० मिनिटांनी सरकारी ओपन डेटा पोर्टलवरून लासलगावचा कांद्याचा भाव आणायचा, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवायचा, विचारेल त्याला सांगायचा. अडचणी तीन.
१. स्क्रीन बंद करून अर्ध्या तासाने पाहिलं, तर ‘प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९’. ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथनची एरर पकडायची सोय) काहीच सापडत नाही.
२. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) पँडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी बसवताना बराच वेळ बिल्ड चालतं आणि शेवटी एरर.
३. प्रोजेक्ट डाउनलोड फोल्डरमध्ये आहे, तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या पॅकेजेसची वेगळी जागा) तयारच होत नाही.

धागेदोरे:
सिग्नल ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेस जबरदस्तीने बंद करायचा हुकूम. तो कुठल्याच प्रोग्रामला अडवता येत नाही, त्यामुळे एक्सेप्टमध्ये शोधू नका. मारतंय कोण ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा.

टर्मक्सचं नोटिफिकेशन जागेवर आहे आणि आतली प्रोसेस तेवढी मेलीय: हा अँड्रॉइडचा फँटम प्रोसेस किलर, अ‍ॅपने सुरू केलेल्या उपप्रोसेस (चाइल्ड प्रोसेस) मारणारा. अँड्रॉइड १२ पासून सगळ्या अ‍ॅप्सच्या मिळून ३२ चाइल्ड प्रोसेस चालतात, त्यावरच्या मारल्या जातात. अ‍ॅप मागे असताना जास्त सीपीयू खाणारी चाइल्ड प्रोसेसही जाते. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘डिसेबल चाइल्ड प्रोसेस रिस्ट्रिक्शन्स’ चालू करा. १४ वर हा पर्याय मिळतो. १२ वर मात्र एडीबीनेच (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं साधन) मर्यादा वाढवावी लागते.

नोटिफिकेशनच गायब आणि उघडल्यावर कोरं सेशन: अख्खं अ‍ॅप मारलंय. अ‍ॅप इन्फोमध्ये बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, आणि फोन कंपनीचं वेगळं ऑटोस्टार्टचं पान असेल तर तिथेही परवानगी द्या. ४ जीबीत रॅम कमी पडणंही शक्य आहे.

प्रोसेस जिवंत, पण स्क्रीन लावल्यावर सगळी उत्तरं एकदम येतात: फोन झोपलाय. नोटिफिकेशनमधलं ‘अ‍ॅक्वायर वेकलॉक’ दाबा, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही प्रोसेसर जागा राहतो.

मूळपद:
दुसरा आणि तिसरा मुद्दा.

पिपवरची लिनक्सची व्हील्स (आधीच बांधलेली पॅकेजेस) सहसा जीलिबसी या सी लायब्ररीसाठी असतात. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक, म्हणून ती चालत नाहीत आणि पिप सोर्सपासून बांधायला बसतं. नमपाय, पिलो, क्रिप्टोग्राफी यांची तयार पॅकेजेस टर्मक्सच्याच रिपॉझिटरीत आहेत. ती पिपऐवजी टर्मक्सच्या पीकेजी कमांडने घ्या. तुमच्या कामाला पँडाजची गरजच दिसत नाही. जेसन आणि एसक्यूलाइट पायथनसोबतच येतात.

डाउनलोड फोल्डर शेअर्ड स्टोरेजवर आहे. तिथे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) होत नाही आणि एक्झिक्यूटची परवानगीही टिकत नाही, म्हणून एन्व्हायर्नमेंट फसतं. प्रोजेक्ट टर्मक्सच्या होममध्ये हलवा. मात्र अ‍ॅप काढलं की होमही पुसलं जातं, तेव्हा गिटवर पुश करत राहा.

टर्मक्स आणि त्याची जोड-अ‍ॅप्स एकाच ठिकाणची हवीत: सगळी एफ-ड्रॉइडची किंवा सगळी गिटहबची. सही वेगळी असेल तर ती एकत्र बसत नाहीत.

सांजवेळ_०७:
फोनची अडचण सुटली तरी बॉटची रचना बदलायला हवी. बाजार समितीचा भाव दिवसाच्या हिशेबाने नोंदला जातो. दर ३० मिनिटांनी विचारून काय मिळणार? दिवसातून तीनदा पुरे. भाव आणणारी स्क्रिप्ट बॉटपासून तोडा आणि टर्मक्सच्या जॉब शेड्युलरला (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) द्या. त्याचा किमान कालावधी १५ मिनिटांचा असतो आणि वेळ थोडी मागेपुढे होते, ती चालेल.

बॉट लाँग पोलिंगवरच ठेवा, म्हणजे बॉटनेच टेलिग्रामकडे मेसेज मागत राहायचे. मोबाइल नेटवर बहुधा सार्वजनिक आयपी नसतो, त्यामुळे वेबहुक (टेलिग्रामने स्वतः बॉटकडे मेसेज पाठवणं) पोचणार नाही. टेलिग्राम न उचललेले मेसेज २४ तास सांभाळतो, त्यामुळे बॉट मधे मेला तरी उत्तरं बुडत नाहीत. शेवटचा अपडेट आयडी डेटाबेसमध्ये लिहा आणि पुढच्या वेळी त्यात १ मिळवून ऑफसेट द्या. ४०९ एरर आली तर बहुधा बॉटच्या दोन प्रती चालू आहेत.

डेटातले खड्डे महत्त्वाचे. पोर्टलच्या नमुना एपीआय कीवर (डेटा मागताना द्यायचा संकेतशब्द) १० च नोंदी येतात. नोंदणी करून स्वतःची की घ्या. लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) ही वेगळी मार्केट्स आहेत, ‘लासलगाव’ एवढा शब्द शोधलात तर तिन्ही मिसळतील. लाल आणि उन्हाळी कांदा वेगळा ठेवा. तारीख दिवस/महिना/वर्ष अशी मजकूर म्हणून येते, तशीच साठवली तर क्रम चुकतो. वर्ष आधी आणा. तारीख, मार्केट, शेतमाल, जात या चौघांवर डेटाबेसमध्ये युनिक की लावा, म्हणजे तीच नोंद दोनदा शिरणार नाही. दर रुपये प्रति क्विंटल असतो, किलोसाठी १०० ने भागा. आणि सांगायचा तो मॉडल दर, म्हणजे सर्वसाधारण दर. कमाल दर सांगितला तर शेतकऱ्याची दिशाभूल होते.

धागेदोरे:
कायम चार्जरवर म्हणालात, ते धोक्याचं आहे. १०० टक्क्यांवर आणि उष्णतेत बॅटरी फुगते. ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा. नसेल तर टायमर प्लगने दिवसातून थोडा वेळच चार्ज करा. मागचं झाकण जरा जरी उचललेलं दिसलं तर तो फोन वापरातून काढा.

निफाडकर_कोड:
नोटिफिकेशन जागेवरच असतं, म्हणजे फँटम किलर. पर्याय चालू केला. फोन रीस्टार्ट झाला तर बॉट आपोआप कसा उठवायचा?

मूळपद:
टर्मक्स-बूट हे जोड-अ‍ॅप बसवा, एकदा उघडा. होममधल्या डॉट-टर्मक्स फोल्डरात बूट नावाचा फोल्डर करून स्क्रिप्ट त्यात ठेवा. पहिल्या ओळीत वेकलॉक, मग बॉट. फोनला पिन असेल तर रीस्टार्टनंतर एकदा हाताने उघडेपर्यंत ती स्क्रिप्ट चालत नाही. याच कामासाठी ठेवलेल्या फोनवर स्क्रीन लॉक ‘नन’ ठेवा, पण मग त्यात दुसरं कुठलंही खातं लॉगिन ठेवू नका.