मदत हवी आहे: थंड पेयाची प्लास्टिकची बाटली किती दाब सहन करते, हे घरी सुरक्षितपणे कसं तपासायचं?

मासुंदाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात, पाचपाखाडीला राहते. सोसायटीतल्या मुलांना घेऊन सुट्टीत दर शनिवारी काहीतरी करून बघायचं, हे गेली तीन वर्षं चाललंय. यंदा पाण्याचं रॉकेट करायचं ठरलं. सव्वादोन लिटरची रिकामी बाटली, तिच्यात एक तृतीयांश पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचातून काढलेला सायकलच्या ट्यूबचा जुना व्हॉल्व्ह आणि पायाने मारायचा पंप. बाटलीची मान धरून ठेवायला खिट्टी आहे, ती दोरीने ओढली की रॉकेट सुटतं. दोन शनिवार मुलं अक्षरशः नाचली.

आज सकाळी गच्चीवर बाटली सुटायच्या आधीच फुटली. पंपाच्या काट्यावर ७० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) दिसत होते. मुलं पाण्याच्या टाकीच्या भिंतीमागे होती, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळते, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. मी मात्र पंपापाशी होते. प्लास्टिकची एक पट्टी नडगीवर बसली, आता तिथे बोटभर लांब निळा वळ आहे. आवाज एवढा झाला की गेटवरचा वॉचमन धावत वर आला.

मी नीट वाचून सुरुवात केली होती. या बाटल्या १५० पीएसआयच्या आसपास फुटतात, असं सगळीकडे दिलेलं होतं. मग निम्म्यालाही न पोहोचता ही का फुटली?

फुटलेली बाटली समोर टेबलावर आहे. चीर उभी गेली आहे, खांद्यापासून बुडापर्यंत. बुडाच्या पाच पाकळ्या शाबूत आहेत. चीर बहुधा एका पंखाच्या मुळाशी सुरू झाली असावी, कारण तिथे ती सर्वांत वेडीवाकडी आहे. ते पंख मी ग्लू गनने चिकटवले होते. गोंदाखालचं प्लास्टिक हाताला जाडसर लागतं आणि उजेडात धरलं तर दुधी, सुरकुतलेलं दिसतं. बाकी बाटली काचेसारखी स्वच्छ आहे.

माझ्याकडे आणखी नऊ बाटल्या जमल्या आहेत. त्या तपासल्याशिवाय मुलांच्या जवळपासही नेणार नाही. पंक्चरवाल्याकडे नेऊन, वर गोधडी टाकून, एकेक बाटली फुटेपर्यंत हवा भरून बघावी असं डोक्यात आहे. हे बरोबर आहे का? आणि एक बाटली किती वेळा वापरावी?

---

पानापकड | शनिवार, रात्री १०:२०

ताई, पहिली गोष्ट, पंक्चरवाल्याकडे जाऊ नका. गोधडीवर भरवसा ठेवू नका. हवेने भरून दाब तपासणं हा प्रकार आमच्या धंद्यात माणसं जायबंदी करतो. मी प्लंबिंगची कामं घेतो, सध्या घोडबंदर रोडला एका टॉवरचं काम चालू आहे. नवी पाइपलाइन आम्ही पाण्यानेच तपासतो.

रिक्षाच्या किंवा गाडीच्या सीएनजी टाकीवर टेस्टिंगची तारीख ठोकलेली प्लेट बघितली असेल. दर तीन वर्षांनी त्या टाकीची हायड्रो टेस्ट करावी लागते, म्हणजे आत पाणी भरून दाब देतात. ज्या टाकीत २०० बारने (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) गॅस भरायचा, तीसुद्धा तपासायची पाण्यानेच. तुमच्या बाटलीलाही तोच न्याय लावा.

---

फळाखडू | शनिवार, रात्री १०:४५

पानापकड यांचं म्हणणं आकड्यात मांडतो. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो.

हवा दाबली की आकसते आणि स्प्रिंगसारखी ताकद साठवून बसते. दोन लिटरच्या बाटलीत १०० पीएसआय हवा असेल आणि बाटली फुटली, तर ढोबळमानाने हजार ज्यूल ऊर्जा एका क्षणात सुटते. दहा किलो तांदळाची पिशवी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली सोडावी, तेवढी. तेवढ्याच दाबाखालचं दोन लिटर पाणी जेमतेम पाव ज्यूल साठवतं, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. बाटलीची भिंत ताणली जाते, तिच्यात काही ज्यूल जातात, ते धरूनही फरक प्रचंड राहतो. म्हणून पाण्याने भरलेली बाटली फाटते, स्फोट होत नाही.

चीर उभी का गेली, याचंही उत्तर आहे. नळीच्या आकाराच्या भांड्यात दाब भरला की भिंतीला घेराच्या दिशेने जो ताण पडतो, तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. तुमच्या बाटलीचा व्यास ११ सेंटिमीटर आणि भिंत ०.३ मिलिमीटर धरली, तर १५० पीएसआयला त्या पातळ पापुद्र्यावर जवळपास १९० मेगापास्कल ताण येतो. साधं बांधकामाचं लोखंड २५० मेगापास्कलला हार मानतं. प्लास्टिक त्याच्या एवढ्या जवळ जातं, याचं मला आजही नवल वाटतं. ते कसं जमतं, हे या धंद्यातलं कुणी सांगेल तर बरं.

---

प्रीफॉर्म | रविवार, सकाळी ७:१५

मी सांगतो. रबाळे एमआयडीसीत बाटल्या फुगवायच्या मशीनवर सोळा वर्षं आहे.

बाटली आधी परीक्षानळीएवढी असते, तिला प्रीफॉर्म म्हणतात. मानेचे आटे तेव्हाच तयार असतात. तो प्रीफॉर्म शंभर अंशांच्या आसपास तापवायचा, आतून सळईने लांब ताणायचा आणि लगेच हवेने फुगवून साच्याला भिडवायचा. त्या हवेचा दाब ४० बारपर्यंत जातो. उभा आणि आडवा, असा दोन्ही दिशांनी ताण बसला की आतल्या रेणूंच्या साखळ्या रांगेत बसतात. बाटलीची सगळी ताकद त्या रांगेत आहे. अमेरिकेत नॅथॅनिएल वायथ यांनी १९७३ साली याच कल्पनेचं पेटंट घेतलं. त्याआधी त्यांनी साबणद्रावाच्या साध्या प्लास्टिक बाटलीत जिंजर एल (आल्याच्या चवीचं गॅसचं पेय) भरून ती फ्रिजमध्ये ठेवली होती, तर ती फुगून कप्प्यात अडकून बसली. प्लास्टिक होतं, रांग नव्हती.

आता तुमच्या पंखाकडे येतो. या बाटल्यांचं पेट हे प्लास्टिक ७०-७५ अंशांना मऊ पडतं. ग्लू गनमधून गोंद शंभराच्या बराच वर तापून येतो. तो भिंतीला लागला की तिथल्या साखळ्या रांग सोडून पुन्हा गोळा होतात, प्लास्टिक आकसून जाड होतं आणि दुधी दिसतं. तुम्ही बोटाने चाचपलेला जाडसर भाग म्हणजे ताकद गेलेली जागा. चीर तिथेच सुरू होणार. बाटलीत उकळतं पाणी ओतल्यावर ती कशी सुरकुतते, हे घरोघरी पाहिलेलं असतं, त्याचाच हा लहान तुकडा.

आणखी दोन गोष्टी. लेबल काढताना गरम पाणी, धुण्याचा सोडा असलं काही वापरलं होतं का? आणि गोंद धरावा म्हणून पॉलिश पेपर मारला होता का?

---

मासुंदाकाठ | रविवार, सकाळी ८:०५

दोन्ही केलं होतं. लेबलचा चिकटा जात नव्हता म्हणून चार बाटल्या कढत पाण्यात सोडा घालून तासभर ठेवल्या होत्या. फुटलेली त्यांतलीच. पॉलिश पेपर तर सगळ्यांना मारला, फक्त पंखांच्या जागी.

---

प्रीफॉर्म | रविवार, सकाळी ८:३०

मग त्या चारही बाटल्या भंगारात द्या, तपासत बसू नका. सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्याने पेटला बारीक भेगा पडतात, आणि त्या आधी बुडाच्या मध्यावर पडतात. तिथलं प्लास्टिक मानेसारखंच न ताणलेलं राहतं, म्हणजे जाड पण कमजोर. बॅटरी खालून धरून बघा, चांदणीसारख्या रेषा दिसतील. पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडासुद्धा चिरेला वाट करून देतो.

पंख चिकटवायला दुहेरी चिकटपट्टी वापरा, किंवा दुसऱ्या बाटलीचा मधला भाग कापून त्याची बाही करा, पंख बाहीला लावा आणि बाही रॉकेटवर चढवा. दाबाच्या बाटलीला हात लावू नका.

---

चक्रधर_कळवा | रविवार, सकाळी ९:१०

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. माझं सायकलचं दुकान आहे. ताईंनी सायकलचा जुना व्हॉल्व्ह लावलाय, म्हणजे आत रबरी नळी असलेला. पंप मारताना हवा त्या नळीला ढकलून आत जाते आणि काटा पंपाच्या बाजूला आहे. म्हणजे काटा दाखवतो त्यात नळी उघडायला लागणारा दाबही धरलेला असतो. आत नेहमी कमीच असतं. म्हणजे बाटली ७० ला फुटली नाही, त्याच्या खालीच फुटली.

ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घ्या. पंपाच्या तोंडातली पिन त्याला दाबून उघडा ठेवते, मग आतला आणि काट्यावरचा दाब जवळपास सारखा दिसतो.

---

मासुंदाकाठ | रविवार, सकाळी ९:४०

हे वाचून हातपाय गार पडले. म्हणजे रोज पेय भरून दुकानात असते तेवढ्याच दाबाच्या जवळपास ती गेली. पेयाच्या बाटलीत मुळात किती दाब असतो?

---

फळाखडू | रविवार, सकाळी १०:००

जोरदार गॅसच्या पेयात फ्रिजमध्ये साधारण २५ पीएसआय, वीस अंशांना ५० च्या आसपास, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ३८-४० अंशांना ८०-९० पर्यंत. पाणी तापलं की वायू त्यात मावत नाही, तो वर येतो. चांगली बाटली टेम्पोमध्ये उन्हात हे सहन करते, म्हणूनच तिची मर्यादा एवढी वर ठेवलेली असते. तुमची बाटली त्या दर्जाची राहिली नव्हती.

---

पानापकड | रविवार, दुपारी १:३०

आता तपासायची रीत सांगतो. हाताने मारायचा टेस्टिंग पंप कुठल्याही प्लंबिंग कंत्राटदाराकडे असतो. लोखंडी टाकी, दांडा आणि काटा. दोन दिवसांसाठी मीच देईन, जागेवरून घेऊन जा.

बाटलीच्या झाकणाला मधोमध भोक पाडून अर्धा इंची पितळी निपल (आटे असलेली छोटी नळी) बसवा. दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर आणि चेकनट, आट्यांवर टेफ्लॉन टेप. बाटली काठोकाठ पाण्याने भरा. आत लिंबाएवढाही बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर तेवढ्या हवेचा धोका परत आला. मग बाटली पाण्याच्या पिंपात बुडवा, वर ओलं गोणपाट, पंप पिंपापासून लांब, डोळ्यावर चष्मा. पाणी साधं, गरम नको. मुलं खाली घरी.

माझ्या काट्यावर किलो आहेत. एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. एकेक किलो चढवायचा, मिनिटभर थांबायचं, काटा पडतो का बघायचं. सात किलोपर्यंत न्या, म्हणजे १०० पीएसआय झाले. तिथे पाच मिनिटं टिकली की पास. त्यापुढे नेऊ नका. फुटायच्या काठावर नेलेली बाटली न फुटताही आतून खराब होते, ती पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. आणि रॉकेटला निम्माच दाब द्या, ५० पीएसआय.

---

फळाखडू | रविवार, दुपारी २:१०

यात एक भर घालतो. चाचणीआधी बाटली काठोकाठ भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, चाचणीनंतर पुन्हा भरून ठेवा. जितके ग्रॅम जास्त, तितके मिलिलिटर बाटली कायमची फुगली. दोन-चार ग्रॅमचं सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आकडा पुन्हा वाढत असेल तर ती बाटली संपत आली आहे. मुलांना हा भाग करू द्या, वजन करायला काही धोका नाही आणि तक्ता भरायला त्यांना आवडतो.

---

मासुंदाकाठ | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:२५

पानापकड दादा, पंप परत पाठवला आहे, टाकी पुसून. तुमचे उपकार.

सोड्यातल्या उरलेल्या तीन बाटल्या न तपासता टाकल्या. टाकण्याआधी बॅटरीच्या उजेडात बघितलं, दोघींच्या बुडाला खरंच बारीक चांदणी होती. राहिल्या सहा. त्यांतल्या दोघींना पंख आधीच ग्लू गनने लावलेले होते. त्या फक्त बघण्यासाठी पिंपात घातल्या. एक पाच किलोवर गेली, चीर पुन्हा पंखाच्या मुळाशी. गंमत म्हणजे आवाज ओला टॉवेल आपटल्यासारखा, गोणपाटही हललं नाही. गेल्या शनिवारचा आवाज ज्याने ऐकलाय, त्याला हवा आणि पाणी यांतला फरक वेगळा सांगायला नको. दुसरी सातला टिकली, तरी बाद केली.

उरलेल्या चार सात किलोला पाच-पाच मिनिटं उभ्या राहिल्या. एकीचा काटा हळूहळू पडत होता, ते गळणं चेकनटचं निघालं, वॉशर बदलल्यावर थांबलं. वजनं मुलांनी केली. तिघी जवळपास जैसे थे, चौथी ११ ग्रॅमने वाढली. ती ठेवायची की टाकायची?

मानेवर पक्क्या शाईने प्रत्येकीचा नंबर आणि उड्डाणांच्या रेघा काढायच्या ठरवलंय. व्हॉल्व्ह बदलला. दोरीही दहा मीटर केली, आणि पंपाला लांब नळी जोडली, म्हणजे मीही भिंतीमागे उभी राहीन.

---

प्रीफॉर्म | पुढचा रविवार, रात्री ८:४०

चौथी टाका. बाटली फुकट मिळते.

दहा रेघा झाल्या की पुन्हा पाण्याने तपासा. आपटून कुठे घडी पडली आणि पांढरी रेष दिसली, तर रेघा मोजत बसू नका, लगेच बाद. आणि एक विचारायचं राहिलं, बाटल्या गच्चीवरच ठेवता का? तसं असेल तर आजच खाली घरात आणा, ऊन लागू देऊ नका.

---

मासुंदाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८:५५

गच्चीवरच होत्या. आत्ता आणल्या.