पाचवीला कुठे घालू?

ईशानची आई, बी-502: दोन दिवस विचारू की नको चाललंय, आता विचारतेच. ईशानची शाळा चौथीपर्यंतच आहे. त्याला ऑटिझम आहे हे सगळ्यांना माहीतच आहे, लिफ्टमध्ये भेटेल त्याला बसचे नंबर ऐकवतो 😄 वाचन छान, गणित बरं, लिहायचं म्हटलं की पेन्सिल फेकतो. जूनपासून पाचवीला कोथरूडच्या आसपास कुठे? काल एका शाळेत गेलो. माहितीपत्रकावर ‘समावेशक शिक्षण’ मोठ्या अक्षरात. सकाळी फोनवर जागा आहेत म्हणाले. त्याला बघितल्यावर जागा भरल्या.

सेक्रेटरी: उद्या टाकीची सफाई. 10 ते 1 पाणी येणार नाही. भरून ठेवा.

ए-304 काका: वहिनी, गोखलेनगरला कामायनी आहे ना?

साठेकाकू, ए-201: काका, कामायनी चांगलीच, पण ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. ईशानचं वेगळं आहे. अगं, मी वीस वर्षं स्पेशल एज्युकेटर होते म्हणून सांगते. चौथीपर्यंत दिवसभर एकच बाई असतात, त्यांना मूल पाठ होतं. पाचवीपासून दर तासाला नवा माणूस. अशा मुलांचं घोडं तिथे अडतं, अभ्यासात नाही. तेव्हा रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली, आहे का हे नंतर विचार. ‘ईशानबद्दल सगळ्या विषयांच्या शिक्षकांना कोण सांगणार?’ हे आधी विचार. ‘आम्ही बघू’ म्हणाले तर समजून जा. आणि मधल्या सुट्टीत जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत काय, कायम शांतताच असते.

बी-601: पण नाही म्हणूच कसे शकतात? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 21 प्रकार आहेत त्यात, ऑटिझमही. सरकारमान्य शाळेला भेदभाव करता येत नाही. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत, निवड आपली.

ईशानची आई: दादा, कायदा दाखवून प्रवेश मिळेलही. पण रोज सहा तास त्यालाच बसायचंय तिथे.

साठेकाकू: तरी कागद हवेतच. यूडीआयडी कार्ड, ते दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालं?

ईशानची आई: अर्ज केलाय. ससून हॉस्पिटलची तपासणीची तारीख मिळायचीय.

साठेकाकू: मागे लाग. दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा, लेखनिक, हे सगळं कागदावर मिळतं. प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. म्हणून ऑफिसातल्या क्लार्कना विचार, आजवर असे किती पाठवले? ते खरं सांगतात.

तनयाची आई, सी-404: आमचं ऐक. तनयाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना अडतं. पाचवीला मोठ्या शाळेत घातलं. वर्गात 55 मुली, वह्या लाल शाईने रंगलेल्या. रोज सकाळी पोटात दुखायचं. सहावीला जुन्या ट्रस्टच्या सेमी-इंग्रजी शाळेत हलवली. रिसोर्स रूम नाही, एसी नाही, भिंतींना ओल. पण इतिहासाच्या बाई तिची उत्तरं तोंडी घ्यायच्या. आता नववीत आहे. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या एकट्याच्या मदतीला बसणारी बाई, आणा म्हणाले तर घाई करू नकोस. पगार आपण द्यायचा, आणि शेजारी मोठं माणूस बसलं की पोरं जवळ फिरकत नाहीत. गरज असेल तर ठेवावीच लागते म्हणा, पण शाळेच्या सोयीसाठी नको.

ए-304 काका: ईशानला विचारलंत का?

ईशानची आई: विचारलं. म्हणाला, शाळेसमोर बसस्टॉप हवा.

*(आठवड्यानंतर)*

ईशानची आई: तनयाच्या शाळेत त्याला एक दिवस बसू दिलं. तिथे पितळी टोल आहे. पहिल्याच ठोक्याला कान दाबून बाकाखाली. मला वाटलं, संपलं. शिपाईमामा आले, काही बोलले नाहीत, हातोडी त्याच्या हातात दिली. मधल्या सुट्टीचा टोल ईशानने वाजवला. एका हाताने, दुसरा कानावरच. नंतर घड्याळ बघून आधीच कान झाकायला लागला, पण बाकावर बसून. गणिताच्या सरांचा चेहरा मात्र मला आवडला नाही. सोमवारी त्यांच्याशीच बोलणार आहे.

साठेकाकू: मी येते. अकरा वाजता खाली थांब.

तनयाची आई: सर तिरसट आहेत, पण समजावून सांगितलं की ऐकतात. आणि बसस्टॉप समोरच आहे!

सेक्रेटरी: सोमवारी लिफ्टची सर्व्हिसिंग आहे. काकू, जिन्याने उतरावं लागेल.