बैलाच्या जखमांचे फोटो पोलिसांत चालतील असे कसे काढायचे?

शिरोलीकर: आमच्या वळणावर उसाच्या बैलगाड्या थांबतात. एका बैलाच्या पुठ्ठ्यावर पराणी (टोकाला खिळा असलेली काठी) टोचल्याच्या जखमा आहेत, खांदाही फुटलाय. गाडीवान म्हणतो, माशा बसल्यात. तक्रार द्यायची आहे. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालतात का?

गंगावेस: गाडीवान उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेऊन आलेला असतोय. त्याच्यावर केस करून काय मिळणार?

निवृत्त जनावरांचा डॉक्टर: बैलाला उचल मिळत नाही हो.

शिरोलीकर, व्हॉट्सॲपवर फोटो दबतो आणि कधी काढला ही आतली माहितीही उडते. मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. कापाकापी नको, फिल्टर नको. हललेले फोटोही पुसू नका. समोरचा वकील हमखास विचारतो, मधल्या नंबरचा फोटो कुठं गेला?

आधी अख्खा बैल घ्या, दोन्ही बाजूंनी, गाडीसकट. मग कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा 12 आकडी नंबर वाचता आला पाहिजे, नाहीतर 'ह्यो बैल माझा न्हवंच' ऐकायची तयारी ठेवा. जखम एकदा लांबून, एकदा जवळून, कॅमेरा तिच्यासमोर सरळ धरून. शेजारी पट्टी, नसेल तर दहाचं नाणं; ते 27 मिलिमीटरचं असतं. ओल्या जखमेवर फ्लॅश चमकतो, म्हणून सावलीत. आणि हळद फासायच्या आधी! पिवळ्या लेपाखाली काय आहे ते मलाही सांगता येत नाही.

तरी पराणीची जखम तोंडाला बारीक, आत खोल. खोली फोटोत येत नाही, ती सरकारी दवाखान्याच्या दाखल्यात यावी लागते. दाखला आणि फोटो एकाच दिवशीचे असू द्या.

कसबा गेट वकील: प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. मिसळ येत नाही त्यात. शिवाय खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण जनावर निकामी झाल्याचं डॉक्टरांनी लिहायला हवं. फोटोंसोबत साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाईल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा. पराणीसारखी खिळ्याची काठी 1965 च्या नियमांनी मुळातच मना आहे. तिचाही फोटो घ्या.

शिरोलीकर: ती कशाला दाखवेल तो?

निवृत्त जनावरांचा डॉक्टर: मागू नका. गाडीतच खोचलेली असते, आहे तिथंच टिपा.