मदत हवी आहे: गो प्रोग्रामची परीक्षा कोणत्या स्थितींवर घ्यावी?

नमस्कार मंडळी,
काटागो आणि लीला झीरो हे गो (पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळायचा खेळ) खेळणारे प्रोग्राम अवघड स्थितींत कितपत टिकतात, हे पडताळायला पन्नासेक स्थितींचा संच करतोय. कोपऱ्यातली जगण्या-मरण्याची (सोंगट्यांचा गट वाचतो की पकडला जातो) साधी कोडी दोघंही चुटकीसरशी सोडवतात, त्यातून काहीच कळत नाही.

लांब शिडी, म्हणजे दर खेळीला गट पकडायची धमकी देत केलेला पाठलाग, घेतली तर? पळणारा गट पटभर तिरका धावतो आणि पलीकडच्या कोपऱ्यात एक सोंगटी आडवी आली की सगळा हिशेब उलटतो. पण काटागोच्या न्यूरल नेटवर्कला शिडीची माहिती आधीच पुरवलेली असते, लीला झीरोला नसते. मग तुलना कसली डोंबलाची! २०२३ मध्ये गाजलेली गोल वेढ्याची युक्तीही घेतोय: वर्तुळासारखा जोडलेला गट स्वतःच कोंडला जातोय हे काटागोला वेळेत उमगत नव्हतं.

आता खरी अडचण. काल १९×१९ पटावरची एक स्थिती १०० प्लेआउटला (खेळी ठरवण्याआधी प्रोग्राम पुढच्या शक्यता जितक्या वेळा तपासतो, तो आकडा) बरोबर सुटली. तीच आरशातल्यासारखी उलटवून दिली, तर खेळी चुकली! १०,००० प्लेआउटला दोन्हीकडे बरोबर. मग गुण द्यायचे कशाला? प्रत्येक स्थिती आठही प्रकारे फिरवून-उलटवून चालवावी का? मर्यादा वेळेची ठेवू की प्लेआउटची? मला प्लेआउटच बरे वाटतात, कारण वेळेत माझ्या संगणकाचीच परीक्षा होते.

आणि सेकी (दोन्ही गट एकमेकांना पकडू शकत नाहीत) किंवा को (एकच सोंगटी आलटून-पालटून पकडली जाते) अशा स्थितीत दोन खेळ्या बरोबर निघाल्या, तर उत्तर नोंदवायचं कसं? कुणी असा संच केला असेल तर जीटीपीची (गो प्रोग्रामला मजकुरातून आज्ञा द्यायच्या पद्धतीची) स्क्रिप्टही दाखवा.